उतरणीचे पाय

लिफ्टने दहाव्या मजल्यावर जा आणि पायऱ्यांनी खाली उतरा. कळसूबाईची तयारी करणाऱ्या नागपूरकराला एकच सल्ला द्यायचा असेल तर तो हा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. फ्लॅट स्कीमच्या पायऱ्या धापा टाकत चढतात, वर पोचल्यावर शर्ट घामाने भिजलेला असतो, व्यायाम झाल्यासारखा वाटतो, आणि मग लिफ्टने खाली येतात. म्हणजे डोंगर ज्या कामासाठी पाय मागतो, नेमकं तेच काम राहून जातं.

कळसूबाईची उंची १६४६ मीटर. पायथ्याच्या बारी गावातून माथ्यापर्यंत आठशे ते नऊशे मीटरची चढाई आहे. एक मजला तीन मीटरचा धरला तर हे पावणेतीनशे-तीनशे मजले झाले. इतके चढायचे आणि त्याच दिवशी इतकेच उतरायचे. चढायच्या मजल्यांची भीती सगळ्यांना असते. उतरायचे मजले कोणी मोजतही नाही.

चढताना आणि उतरताना मांडीचा स्नायू तोच असतो, काम मात्र वेगळं असतं. विहिरीतून पाणी काढणाऱ्याला हे लगेच कळेल. भरलेली बादली ओढून घेताना दंड भरून येतात. पण तीच भरलेली बादली हळूहळू खाली सोडायची झाली तर दोर हातातून सरकत असताना धरूनही ठेवावा लागतो आणि तळहात सोलून निघतात. उतरणीवर मांडीचा पुढचा स्नायू असाच दोर सोडत असतो. लांब होत जातो आणि त्याच वेळी शरीराचं वजन पेलतो. या ताणात स्नायूचे बारीक तंतू दुखावतात. दुखणं लगेच जाणवत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. त्या दिवशी मात्र एवढंच होतं की पाय लटपटायला लागतात, गुडघा ऐनवेळी दगा देतो आणि पाऊल ठरवलेल्या दगडाच्या चार बोटं अलीकडे पडतं.

यातली सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे दम. चढताना दम हा लगाम असतो. छाती धपापली की माणूस आपोआप थांबतो, बसतो, पाणी पितो. उतरताना दम लागतच नाही, कारण या कामाला प्राणवायू फार कमी लागतो. माणूस गप्पा मारत, गाणी म्हणत झपझप उतरतो आणि थांब म्हणणारं आतून कोणीच नसतं. मांड्या संपल्याचं कळतं तेव्हा निम्मा डोंगर अजून खाली असतो.

आता नागपूर. समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटर उंचीवर आडवं पसरलेलं शहर. सेमिनरी हिल्सची फेरी छान आहे. झाडी आहे, सकाळची हवा आहे, पण उतरण म्हणून ती फार तर पाय मोकळे करण्यापुरती. त्यामानाने रामटेक खरंच कामाचं आहे. शहरापासून पन्नासेक किलोमीटर, आणि अंबाळ्याकडून गडमंदिराकडे जाणाऱ्या जुन्या दगडी पायऱ्या. त्या एकसारख्या नाहीत, हाच त्यांचा गुण. सिमेंटच्या जिन्यात पायरीची उंची ठरलेली असते आणि दोन मजल्यांत पाय ती पाठ करून टाकतात. डोंगरात पुढची पायरी वीतभर असेल की गुडघ्याएवढी, हे प्रत्येक पावलाला नव्याने बघावं लागतं. रामटेकला एका सकाळी दोन-तीन वेळा चढउतार करावी आणि घड्याळ लावायचंच तर उतरताना लावावं. सावकाश उतरण्यासाठी.

तयारीला आठ आठवडे द्यावेत. आठवड्यातून दोन दिवस पुरे, मधे किमान दोन दिवसांचं अंतर हवं. पहिल्या आठवड्यात दहा मजले दोनदा उतरायचे, तेही पाठीवर काही न घेता. दर आठवड्याला एक-एक फेरी वाढवायची. पाचव्या आठवड्यापासून पाठपिशवीत पाण्याच्या दोन लिटरच्या दोन बाटल्या टाकायच्या, म्हणजे चार किलो झाले. एका दिवसाच्या चढाईला साधारण तेवढंच ओझं असतं. घरी करायचा एक व्यायाम तर जिन्याइतकाच मोलाचा आहे. वीतभर उंच ठोकळ्यावर एका पायावर उभं राहायचं, दुसरा पाय पुढे सोडून टाच जमिनीला टेकेपर्यंत गुडघा वाकवत जायचं, आणि तेवढ्या वेळात मनात चार आकडे मोजायचे. आरसा समोर हवा. गुडघा आतल्या बाजूला कलंडतो का, हे त्यात दिसतं. कलंडत असेल तर उंची कमी करा, आकडा वाढवा. प्रत्येक पायाला दहा वेळा, अशा तीन फेऱ्या. शेवटची जड उतरण निघायच्या आठ-दहा दिवस आधी. स्नायूचा एक स्वभाव इथे कामी येतो. एकदा उतरणीने दुखावून बरा झालेला स्नायू पुढचे काही आठवडे त्याच ताणाने फारच कमी दुखावतो. म्हणून पहिल्या आठवड्यात पोटऱ्या-मांड्या भरून आल्या तर तयारी सोडू नये. ती तयारीच चाललेली असते.

आपल्याकडे हे शहाणपण नवीन नाही. महाशिवरात्रीला पचमढीच्या महादेवाला जाणारी विदर्भातली माणसं चौरागडावर चढतात ती पाहावीत. कुणाच्या हातात वीतभर त्रिशूळ असतो, कुठे काठीला बांधून चार-सहा जणांनी मिळून खांद्यावर घेतलेला जड त्रिशूळ. शेवटच्या टप्प्याला तेराशेच्या आसपास पायऱ्या आहेत. तिथे नऊवारीतल्या म्हाताऱ्या बायकांची उतरण बघत उभं राहावं असं वाटतं. पाऊल छोटं. पायरी उंच असेल तर अंग तिरपं करून, आधी काठी खाली टेकवून, मग पाय. दमण्याआधीच बसतात आणि उठल्यावर घाई करत नाहीत. त्यांच्या शेजारून धडाधड उड्या मारत गेलेली पोरं पुढच्या वळणावर गुडघा धरून बसलेली असतात. ती काठी आणि ते छोटं पाऊल, एवढं घेऊन गेलं तरी कळसूबाईची अर्धी उतरण सोपी होते.

बुटांवर मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण सगळ्यात जास्त घोटाळे तिथेच होतात. उतरताना पाय बुटात पुढे सरकतो आणि प्रत्येक पावलाला नखं बुटाच्या नाकावर आपटतात. अशी हजारो पावलं झाली की अंगठ्याचं नख काळंनिळं पडतं आणि पुढे महिन्याभरात गळूनही जातं. उपाय दुकानातच करायचा. संध्याकाळी जावं, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. डोंगरात घालणार तेच मोजे घालून जावं. लेस न बांधता पाय पुढे सारून बोटं बुटाच्या टोकाला टेकवायची. टाचेमागे हाताचं एक बोट सरकलं पाहिजे. न सरकल्यास अर्धा नंबर मोठा घ्यावा. मग दुकानातल्याच एखाद्या उतारावर किंवा पायरीवर, लेस बांधून, पुढे जोर देऊन बघावं. बोटं टोकाला लागायला नकोत. बुटाला घोट्याजवळ एक जास्तीचं भोक असतं, ते बहुतेकांच्या बुटात कायम रिकामं राहतं. त्या भोकातून लेस घेऊन दोन्ही बाजूंना छोटे फास करायचे, समोरासमोरची टोकं एकमेकांच्या फासातून काढायची आणि मग घट्ट ओढून गाठ मारायची. टाच मागे जखडली जाते आणि पाय पुढे घसरत नाही. चढताना ही गाठ सैल चालेल. माथ्यावरून निघताना खाली बसून ती पुन्हा बांधायची. या दोन मिनिटांत दोन अंगठे वाचतात. नखं दोन दिवस आधी सरळ कापावीत. आदल्या रात्री कापली तर कोपरे टोचतात.

दुसरा घोटाळा माळ्यावरचा. चार-पाच वर्षांपूर्वी हौसेने घेतलेले महागडे बूट माळ्यावर पडून असतात, वरून नवेकोरे दिसतात, आणि डोंगरात तासाभरात त्यांचा तळ केळीच्या सालीसारखा सुटून येतो. यात चांभाराचा दोष नाही आणि डिंकाचाही नसतो. अशा कित्येक बुटांच्या तळात पॉलियुरेथेनचा मऊ थर असतो. हवेतली वाफ त्या थरात मुरत जाते आणि तो आतल्या आत कुजतो. उष्णता असेल तर काम आणखी लवकर होतं. नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याखालचा किंवा गच्चीखालचा माळा कसा तापतो ते वेगळं सांगायला नको. म्हणून जुना बूट बाहेर काढला की तळ दोन्ही हातांनी वाकवून बघायचा. भेगा पडल्या, भुकटी निघाली, की तो बूट संपला. चांगला दिसला तरी निघायच्या आधीच्या आठवड्यात अंबाझरीला त्यात पाच-सहा किलोमीटर चालून यावं. आणि पिशवीत दोन मीटर मजबूत चिकटपट्टी बाटलीभोवती गुंडाळून ठेवावी. सुटलेला तळ बांधून खाली येण्यापुरती ती पुरते.

प्रवासाचं गणित थोडक्यात. संध्याकाळी नागपुरातून निघणारी विदर्भ एक्सप्रेस पहाटे इगतपुरीला सोडते, तिथून घोटीमार्गे बारी. आता ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्गही इगतपुरीवरून जातो. वाट कुठलीही धरा, रात्रभर प्रवास करून त्याच सकाळी चढायला लागू नका. जागरणाचा फटका चढताना बसत नाही, दुपारी उतरताना पाऊल चुकतं तेव्हा बसतो. एक रात्र बारीत किंवा भंडारदऱ्याला झोपावी.

घड्याळाची एक गंमत पूर्वेकडच्या माणसाने लक्षात ठेवावी. नागपूर आणि कळसूबाई यांच्या रेखांशांत जवळजवळ साडेपाच अंशांचा फरक आहे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य तिथे वीसेक मिनिटं उशिरा उगवतो. नागपुरात लख्ख उजाडतं त्या वेळेला बारीत अजून अंधूक असतं. पहाटे निघणाऱ्याने डोक्याला बांधायची बॅटरी घ्यायलाच हवी. संध्याकाळची वीस मिनिटं जास्त मिळतात, पण ती हिशोबात धरू नयेत. ती चुकीसाठी राखून ठेवावीत.

वेळेचा एक जुना ठोकताळा आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ साली मांडला: सपाटीवर तासाला सुमारे पाच किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. नंतर एरिक लँगमुइर यांनी त्यात दुरुस्ती केली. हलक्या उतारावर वेळ वाचतो हे खरं, पण तीव्र उतारावर दर ३०० मीटरला दहा मिनिटं उलट वाढवायची. कळसूबाईला ही वाढ अर्ध्या तासाच्या आसपास जाते. हा हिशोब सरावाच्या माणसाचा आहे. नवख्या गटाने चढायला तीन ते चार तास आणि उतरायला तीन तास धरावेत. शनिवार-रविवारी शिड्यांपाशी रांग लागते, तिचा वेळ वेगळा. आणि परतायची वेळ पायथ्यालाच ठरवावी. सकाळी सहाला निघालो तर साडेअकराला जिथे असू तिथून मागे फिरायचं, मग माथा दिसत असला तरी. हा निर्णय वर जाऊन घ्यायचा म्हटलं तर कधीच घेतला जात नाही.

वाट बारीच्या शेतांमधून सुरू होते आणि टप्प्याटप्प्याने उभी होत जाते. कातळात खोदलेल्या पायऱ्या येतात, रेलिंग येतं आणि मग लोखंडी शिड्या. शिडी चढण्याची भीती वाटते, उतरण्याची वाटत नाही, म्हणून लोक ती जिन्यासारखी पाठ डोंगराकडे करून उतरायला जातात. उभ्या शिडीवर पाठीची पिशवी वरच्या पायरीला अडकते, पुढे ढकलते आणि तोल जातो. तोंड शिडीकडे करूनच उतरावं. दोन हात आणि एक पाय, किंवा दोन पाय आणि एक हात, असे तीन आधार कायम टेकलेले हवेत, एका वेळी एकच हलवायचा. पाऊल बोटांवर न टेकवता मधल्या भागावर टेकवायचं. काठी आधीच पिशवीत जायला हवी, मोबाइल चेन असलेल्या खिशात. पुढचा माणूस शिडी सोडून बाजूला झाल्याशिवाय आपण पाय ठेवायचा नाही, कारण वरून सुटलेली बाटलीसुद्धा खालच्याच्या डोक्यावर दगडासारखी येते. पावसाळ्यात दुचाकीवरचा अघळपघळ रेनकोट इथे नको. वाऱ्याने तो फुगतो आणि आपलंच पाऊल दिसेनासं होतं. आतून घामाने माणूस भिजतो ते वेगळंच.

आभाळ गडगडायला लागलं तर हीच शिडी आणि हेच रेलिंग जिवावर उठतं. पावसाळ्याच्या दोन्ही टोकांना, म्हणजे मे-जूनमध्ये आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, दुपारी ढग चढतात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी गेले, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. डोंगराच्या धारेवरून आणि लोखंडापासून दूर व्हायचं, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं. शेतावर काम करणाऱ्या विदर्भातल्या माणसाला विजेची ओळख करून द्यायला नको, पण शहरातल्या पोरांना सांगावं लागतं.

वाट चुकण्याबद्दल एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. चढताना सगळ्या वाटा एकमेकींना मिळत जातात. डावीकडची धरा की उजवीकडची, दोन्ही वरच जातात. उतरताना त्याच वाटा फुटत जातात. माथ्याजवळ चार पावलांचं अंतर असलेल्या डोंगराच्या दोन सोंडा खाली दोन वेगळ्या गावांत उतरतात, आणि मधली ढोरवाट तर गवतात जाऊन संपते, नाहीतर कड्यावर. म्हणून चढताना प्रत्येक फाट्यावर थांबून मागे वळून बघायचं. परतताना ही जागा अशी दिसणार आहे, हे डोळ्यांत भरून घ्यायचं: तिरपा दगड, वाळका साग, कातळावरचा चुना. जमलं तर फोटो मागच्या बाजूचा काढावा. कळसूबाईची मुख्य वाट मळलेली आहे, गर्दीच्या दिवशी तिथे कोणी चुकत नाही. धुक्यात आणि आडवारी चुकतात.

माथ्यावर देवीचं छोटं देऊळ आहे आणि चहूकडे मोकळं आभाळ. अलंग, मदन, कुलंग हे किल्ले एका रांगेत उभे असतात, खाली भंडारदऱ्याचं पाणी चमकतं. नागपूरपेक्षा इथे हवा आठ-नऊ अंशांनी थंड असते आणि वारा थांबत नाही. पोचल्यावर पहिलं काम दर्शनाचं नाही, ओला शर्ट बदलायचं. तो पाचव्या मिनिटाला अंगावर गार पडतो, स्नायू आखडतात आणि आखडलेल्या पायांनी पुढची सगळी उतरण करायची असते. कोरडा शर्ट, मग देवी, मग डबा.

डब्याबद्दल एवढंच. चढायच्या सकाळी तर्री पोहे नकोत. तेल आणि तिखट दोन तासांनी घशाशी येतं. दशमी, गूळ-शेंगदाणे, आणि हंगाम असेल तर आपली संत्री. साली पिशवीत घालून परत आणायच्या, डोंगरात त्या लवकर कुजत नाहीत. पाणी माणशी तीन लिटर. नागपूरचा माणूस पंचेचाळीस अंशांत वावरलेला असतो, पण ती हवा कोरडी, घाम लगेच सुकून अंग निवतं. सह्याद्रीच्या दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता निथळतो, आणि त्याबरोबर मीठही जातं. एका लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. एक बाटली अशी हवी आणि ती उतरणीसाठी राखलेली हवी.

उतरायला लागल्यावर काठी कोपराच्या मापापेक्षा चार बोटं लांब करायची, बांबूची असेल तर थोडी वर धरायची. गुडघा कधीही पूर्ण ताठ होऊ द्यायचा नाही. ताठ पायावर टाच आपटली की दणका सरळ कमरेपर्यंत जातो. पाऊल छोटं, वजन पावलाच्या बरोबर वर. भीतीने अंग मागे कललं की बूट पुढे निसटतो आणि माणूस बसतो तो थेट माकडहाडावर. घसाऱ्यावर पाऊल थोडं आडवं टाकायचं. ओल्या कातळावर काळसर-हिरवी तकाकी दिसली तर तिथे पाय नको, शेजारचा खरखरीत दगड शोधायचा. दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं बसायचं, दम लागला नसला तरी. गटात सगळ्यांत थकलेला माणूस पुढे ठेवायचा आणि त्याच्या पावलाने सगळ्यांनी उतरायचं. मागे पडलेला माणूस गाठायला धावतो, आणि धावणारा पडतो. पाय मुरगळलाच तर बूट काढायचा नाही. सूज येऊन तो परत चढत नाही. लेस घट्ट करायची, त्याची पिशवी वाटून घ्यायची. पाय टेकवताच येत नसेल तर चालवण्याचा हट्ट सोडून ११२ ला फोन करायचा आणि गावातली माणसं बोलवायची.

बारीत पोचल्यावर लगेच गाडीत बसू नये. दहा मिनिटं सपाटीवर चालावं, मोजे काढून पाय धुवावेत, बोटांच्या मधे कोरडं करावं. परतीच्या गाडीत खालचा बर्थ मिळाला तर बरं. रविवारी चढलात तर मंगळवारी मांड्या सर्वात जास्त दुखतील. जोरजोरात रगडून घेऊ नये. सेमिनरी हिल्सला सावकाश फेरी मारावी, पाणी प्यावं. लघवी कोकमासारखी गडद झाली तर मात्र थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडे.

आणि बूट. चिखल ब्रशने काढून, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून, सावलीत वाळवायचे. गच्चीवरच्या उन्हात ठेवले तर डिंक सुटतो. वाळल्यावर माळ्यावर टाकू नयेत. दारातल्या चपलांशेजारी ठेवावेत आणि आठवड्यातून एकदा घालून दहा मजले उतरून यावं.